जे अन्न मानवत नाही : मुलांचा आहार, मुलांचे वर्तन आणि घराची जबाबदारी

वार्षिक अहवालात जमाखर्चाची पत्रके, खाटांची संख्या आणि शस्त्रक्रियांचे तक्ते यांना अग्रस्थान असते आणि ते रास्तच आहे. देणगीदारांनी विश्वासाने सोपविलेल्या पै-पैचा हिशेब देणे हे आमचे पहिले कर्तव्य होय. तथापि रुग्णालयाच्या दाराशी येणारी काही दुःखे कोणत्याच तक्त्यात बसत नाहीत. त्यांपैकी एकाविषयी विश्वस्त, हितचिंतक आणि रुग्णांचे कुटुंबीय यांच्याशी सविस्तर बोलावे, या हेतूने प्रस्तुत अभ्यासलेख सादर करीत आहोत. आम्ही वैद्यकीय व्यवसायातील नाही, रुग्णालयाचा कारभार पाहणारे आहोत. म्हणून लेखातील वैद्यकीय भाग आमच्या बालरोगतज्ज्ञांनी व आहारतज्ज्ञांनी तपासून दिला आहे.

बालरोग विभागाच्या बाह्यरुग्ण कक्षाबाहेर बसलेल्या मातांच्या तोंडी एक तक्रार वारंवार ऐकू येते. "मूल ऐकत नाही, सारखे चिडते, एका जागी बसत नाही, शाळेतून रोज चिठ्ठी येते." या तक्रारीबाबत घराघरांत दोन टोकाच्या चुका होतात. पहिली चूक अशी की, मुलाच्या पोटात काय चालले आहे याचा विचारच न करता त्याला हट्टी, लाडावलेले किंवा वाईट वळणाचे ठरविले जाते. दुसरी चूक याच्या नेमकी उलट. कोणाच्या तरी सांगण्यावरून गहू, दूध, साखर, अंडी असे एकेक अन्न बंद होत जाते आणि मूल अधिकच खंगते. या दोन चुकांमधील सरळ वाट कोणती, हे समजून घेणे हाच या पाठाचा उद्देश आहे.

१. एका घराची हकीकत

कुटुंबाच्या संमतीने, परंतु ओळख पटणार नाही अशा बेताने ही हकीकत येथे देत आहोत. तालुक्याच्या गावाहून एक माता आपल्या सात वर्षांच्या मुलाला घेऊन आली. मुलगा वयाच्या मानाने ठेंगणा, निस्तेज, पोट थोडे पुढे आलेले. वर्गात तो इतर मुलांना मारतो, मधल्या सुटीनंतर बाकावर डोके टेकून पडून राहतो, विचारले तर रडतो, अशी शाळेची तक्रार होती. घरी वडिलांचा मार होता आणि आजीचे दृष्ट काढणे होते. रक्त कमी आहे म्हणून लोहाचे औषध दोनदा पूर्ण दिले गेले होते, पण रक्त वाढले नव्हते.

डॉक्टरांना सिलिअ‍ॅक या विकाराची शंका आली. परंतु तोवर एक अडचण होऊन बसली होती. एका नातेवाइकाच्या सल्ल्यावरून आईने दोन महिन्यांपूर्वीच मुलाची पोळी बंद केली होती. त्यामुळे मूल थोडे सावरले होते खरे, पण रक्ततपासणीचा निष्कर्ष संदिग्ध आला. या विकाराची तपासणी गहू खाण्यात असतानाच करावी लागते. गहू सोडला की रक्तातील खुणा हळूहळू पुसल्या जातात आणि आतड्याची जखमही भरू लागते. परिणामी मुलाला पुन्हा काही आठवडे पोळी खावयास द्यावी लागली. तो काळ त्या आईने कसा काढला असेल, याची कल्पना वाचकांनी करावी. आपण देतो आहोत तो घास मुलाला बाधतो, हे जाणूनही तिला रोज पोळी वाढावी लागत होती. पहिल्याच दिवशी कोणी तिला "आधी तपासणी, मग पथ्य" एवढे चार शब्द सांगितले असते, तर तिच्यावर ही वेळ आली नसती. या लेखातील एकच वाक्य स्मरणात ठेवावयाचे झाल्यास वाचकांनी हेच चार शब्द ठेवावेत, अशी आमची विनंती आहे.

दुसऱ्या वेळी रक्ताचा अहवाल स्पष्ट आला. दुर्बिणीद्वारे लहान आतड्याचा सूक्ष्म तुकडा काढून केलेल्या तपासणीतही निदान पक्के झाले.

२. तीन निरनिराळ्या गोष्टी

"अमुक अन्न मानवत नाही" असे आपण सहज म्हणतो, परंतु या एका वाक्यात किमान तीन वेगवेगळे विकार दडलेले असतात. त्यांचे परिणाम वेगळे, उपाय वेगळे आणि धोकेही वेगळे.

(अ) अन्नाची अ‍ॅलर्जी. शरीराची संरक्षण यंत्रणा एखाद्या अन्नातील प्रथिनाला शत्रू समजते. दूध, अंडी, शेंगदाणे, काजू-अक्रोडासारखा सुकामेवा, सोयाबीन, गहू, मासे, कोळंबी यांची अ‍ॅलर्जी प्रामुख्याने आढळते. अंगावर गांधी उठणे, ओठ सुजणे, उलटी, खोकला ही लक्षणे बहुधा खाल्ल्यानंतर काही मिनिटांत ते दोन तासांत दिसतात. श्वास घेण्यास त्रास, आवाज बसणे, चक्कर, भोवळ यांपैकी काही झाल्यास ती तातडीची अवस्था समजावी. अशा वेळी घरगुती उपायांत वेळ न दवडता रुग्णास त्वरित रुग्णालयात न्यावे किंवा १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका मागवावी. अ‍ॅड्रेनालिनचे इंजेक्शन हाच त्यावरील मुख्य उपचार आहे. ज्या अन्नाने असे झाले ते "थोडेसे देऊन बघू" हा प्रयोग घरी कदापि करू नये.

(आ) अन्न न पचणे, म्हणजेच असहिष्णुता. येथे संरक्षण यंत्रणेचा संबंध नसतो, पचनाची शक्ती उणी पडते. याचे सर्वपरिचित उदाहरण दुधाचे. दुधातील लॅक्टोज ही साखर पचविण्यासाठी लॅक्टेज हा पाचकरस लागतो. बालपणानंतर बहुसंख्य माणसांत तो कमी होत जातो. जगातील सुमारे दोन तृतीयांश प्रौढांची अशीच स्थिती आहे. न पचलेली साखर मोठ्या आतड्यात आंबते व त्यामुळे पोट फुगणे, गुडगुडणे, कळा येणे आणि जुलाब होणे असे त्रास होतात. त्रास प्रमाणावर अवलंबून असतो. एक पेलाभर दूध, विशेषतः जेवणासोबत घेतलेले, अशा अनेकांना सोसते. दही व ताक त्याहून सोपे जाते, कारण विरजणातील जिवाणूंनी काही लॅक्टोज आधीच खर्ची घातलेले असते.

(इ) सिलिअ‍ॅक विकार. गहू, जव व राय यांतील ग्लुटेन या प्रथिनामुळे शरीर स्वतःच्याच लहान आतड्याच्या अस्तरावर हल्ला करते. ही नेहमीची अ‍ॅलर्जीही नव्हे आणि नुसते अपचनही नव्हे. अन्नरस शोषून घेणारे आतड्यातील बारीक अंकुर झिजतात, त्यामुळे मूल खाते पण अंगी लागत नाही. इंग्लंडमधील डॉ. सॅम्युअल जी यांनी १८८८ साली या विकाराचे वर्णन केले व त्याचा उपाय आहारातच सापडेल असे सुचविले. पण दोषी अन्न कोणते हे कळण्यास आणखी अर्धशतकाहून अधिक काळ जावा लागला. नेदरलँड्समधील बालरोगतज्ज्ञ डॉ. विलेम डिके यांना गव्हाविषयी संशय होता. १९४४-४५ च्या हिवाळ्यात त्या देशात भीषण अन्नटंचाई झाली व पाव मिळेनासा झाला, तेव्हा ही रुग्ण बालके सुधारली. पाव परत मिळू लागताच ती पुन्हा आजारी पडली. १९५० साली त्यांनी आपला प्रबंध सादर केला. आज जगात साधारण शंभरात एकाला हा विकार असल्याचे मानले जाते. गहू हेच मुख्य अन्न असलेल्या उत्तर भारतातील पाहणीतही प्रमाण जवळपास तेवढेच आढळले. भाताच्या व ज्वारीच्या प्रदेशातही पोळी आता रोजचीच झाली असल्याने आपण या विकारापासून दूर आहोत असे समजण्याचे कारण नाही.

हा विकार आनुवंशिक कल दाखवितो. रुग्णाच्या आई-वडील व भावंडांमध्ये तो असण्याची शक्यता शेकडा पाच ते दहा इतकी असते. म्हणून आमच्या डॉक्टरांनी वरील कुटुंबातील सर्वांची तपासणी सुचविली. धाकट्या बहिणीची तपासणी निर्दोष निघाली, मात्र ती पुढेही अधूनमधून करावी लागेल. आईची तपासणी सदोष निघाली. दोन्ही बाळंतपणांत "हिला लोह लागूच पडत नाही" असे जे म्हटले गेले, त्याचे कारण तेव्हा उलगडले. वडिलांना मात्र गव्हाचा काही त्रास नव्हता, त्यांना लहानपणापासून दूध सोसत नसे. मुलालाही दुधाने पोटात दुखे, पण त्याचे कारण निराळे होते. लॅक्टेज हा पाचकरस आतड्याच्या त्याच झिजलेल्या अंकुरांच्या टोकाशी तयार होतो. आतडे बरे होईतो मुलाचे दूध थांबविले आणि दही चालू ठेवले. काही महिन्यांनी दूध परत सुरू झाले. एकाच घरात दूध न सोसणारे बाप-लेक, पण एकाचे पथ्य कायमचे आणि दुसऱ्याचे तात्पुरते, हे सांगण्यासाठी आहारतज्ज्ञ लागतात.

३. अन्नाचा वर्तनावर परिणाम कसा होतो?

यात गूढ काही नाही. ज्या मुलाचे पोट रोज दुखते, त्याला त्या दुखण्याचे नाव ठाऊक नसते. त्याला दुसरे कसे वाटते हे ठाऊक नसल्याने आपले पोट दुखते हेच त्याला वेगळे वाटत नाही. तो सांगत नाही, तो चिडतो. पोट फुगलेले मूल वर्गात एका जागी बसू शकत नाही. खाजेने किंवा कळांनी रात्री झोपमोड झालेले मूल दिवसा किरकिर करते. लोहाची कमतरता असलेले मूल थकते, त्याचे लक्ष लागत नाही. चिडचिडेपणा हे तर लहान वयातील सिलिअ‍ॅक विकाराचे जुने व परिचित लक्षण आहे. आपल्याकडे लहान मुलांना सर्रास दिला जाणारा चहा येथे आणखी भर घालतो. तो जेवणासोबत घेतल्यास अन्नातील लोहाचे शोषण घटवितो आणि संध्याकाळी घेतल्यास झोप उडवितो.

खाद्यरंगांचा प्रश्न अधिक वादाचा आहे. सॅन फ्रान्सिस्को येथील अ‍ॅलर्जीतज्ज्ञ डॉ. बेंजामिन फाइनगोल्ड यांनी १९७० च्या दशकात असा दावा केला की, कृत्रिम रंग व स्वाद टाळल्यास अतिचंचल मुले सुधारतात. पुढील अभ्यासांत त्यांचा दावा होता तेवढ्या प्रमाणात सिद्ध झाला नाही, परंतु पूर्णपणे खोटाही ठरला नाही. २००७ साली इंग्लंडमधील साउदॅम्प्टन विद्यापीठाचा अभ्यास 'लॅन्सेट' या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. तीन वर्षांची १५३ आणि आठ-नऊ वर्षांची १४४ मुले त्यात होती. काही कृत्रिम रंग आणि सोडियम बेन्झोएट मिसळलेले पेय व तसेच दिसणारे साधे पेय, कोणते कोणाला दिले हे कळू न देता, त्यांना देण्यात आले. रंगीत मिश्रणाने सर्वसाधारण मुलांच्या चंचलतेतही सरासरीने थोडी वाढ दिसली. सर्व मुलांवर परिणाम सारखा नव्हता. युरोपीय अन्नसुरक्षा यंत्रणेने हा पुरावा मर्यादित असल्याचे मत दिले. तरीही जुलै २०१० पासून युरोपीय संघात सहा रंगांच्या वेष्टनांवर, मुलांच्या हालचाली व एकाग्रतेवर विपरीत परिणाम होऊ शकतो अशी सूचना छापणे बंधनकारक झाले. त्या सहांपैकी टार्ट्राझिन (आयएनएस १०२), सनसेट यलो (११०), कार्मोइसिन (१२२) आणि पॉन्सो ४ आर (१२४) हे चार रंग आपल्याकडे ठरावीक पदार्थांत व ठरावीक मर्यादेत वापरण्यास परवानगी आहे. पालकांनी यातून घाबरून जाऊ नये, वेष्टन वाचण्याची सवय मात्र लावावी. रंगीत गोळ्या व पेये आहारातून गेल्याने कोणत्याही मुलाचे पोषण घटत नाही, त्यामुळे हा प्रयोग निर्धोक आहे.

साखरेविषयीची समजूत मात्र पुराव्यावर टिकलेली नाही. साखरेने मुले "उधळतात" असे सर्वत्र मानले जाते, पण १९९० च्या दशकातील काटेकोर अभ्यासांत तसा परिणाम आढळला नाही. १९९४ सालच्या एका प्रयोगात मातांना सांगण्यात आले की मुलाने साखरेचे पेय घेतले आहे. प्रत्यक्षात पेयात साखर नव्हती. तरीही त्या मातांना आपली मुले अधिक चंचल वाटली. साखर कमी द्यावी ती दातांसाठी व वजनासाठी. या प्रयोगातील खरा धडा आपणा मोठ्यांसाठी आहे. आपल्याला जे दिसेल असे वाटते, तेच आपल्याला दिसू लागते.

आणखी एक सावधगिरीची सूचना. स्वमग्न मुलांच्या पालकांना सर्रास गहू व दूध दोन्ही बंद करण्यास सांगितले जाते. अशा पथ्याने स्वमग्नतेत सुधारणा होते याला आजवर पुरेसा पुरावा मिळालेला नाही. तसेच रक्तातील आयजीजी मोजून "न मानवणाऱ्या" पन्नास-शंभर अन्नांची यादी देणाऱ्या महागड्या चाचण्या बाजारात आहेत. युरोप व अमेरिकेतील अ‍ॅलर्जीतज्ज्ञांच्या संघटनांनी अशा निदानासाठी त्या वापरू नयेत असे स्पष्ट म्हटले आहे. ही प्रतिपिंडे बहुधा एवढेच सांगतात की, ते अन्न त्या माणसाने खाल्लेले आहे. गरीब पालकांचा पैसा अशा यादीवर खर्च झालेला पाहून आम्हांस वाईट वाटते.

४. घरची रोजकीर्द

आम्ही वाणिज्य शाखेचे पदवीधर. हिशेबनिसाला पहिला धडा मिळतो तो असा की, खतावणी नंतर, आधी रोजकीर्द. जे घडले ते घडले त्या दिवशी, घडले त्या क्रमाने लिहावे आणि निष्कर्ष शेवटी काढावा. आहारतज्ज्ञांची पद्धत ऐकली तेव्हा ती आम्हांस ओळखीची वाटली.

पहिली पायरी : दोन आठवडे कोणतेही अन्न बंद न करता नोंद ठेवावी. वहीत चार रकाने आखावेत. वेळ, काय व किती खाल्ले, शरीराच्या तक्रारी (पोट, शौच, त्वचा, झोप) आणि वर्तन. "आज फार त्रास दिला" असे मोघम न लिहिता "अभ्यासाला दहा मिनिटे बसला, दोनदा रडला" असे लिहावे. त्या दिवशी झालेली जागरणे, पाहुणे, परीक्षा, घरातील भांडणे यांचीही नोंद करावी, कारण मूल केवळ अन्नानेच बिघडते असे नाही.

दुसरी पायरी : वही डॉक्टरांना दाखवावी व आवश्यक त्या तपासण्या पूर्ण कराव्यात. तोवर गहू सोडू नये. याला अपवाद फक्त तीव्र अ‍ॅलर्जीचा. जे अन्न जिवावर बेतले, ते त्याच क्षणापासून बंद.

तिसरी पायरी : डॉक्टरांनी सांगितल्यास संशयित असे एकच अन्न दोन ते चार आठवडे पूर्ण बंद ठेवावे. एकाच वेळी चार गोष्टी बंद केल्यास गुण कशाचा हे कधीच कळत नाही.

चौथी पायरी : फरक दिसल्यास ते अन्न वैद्यकीय सल्ल्याने पुन्हा देऊन पाहावे. ही पायरी बहुतेक कुटुंबे गाळतात. पण अन्न परत दिल्यावर त्रास परतला तरच संबंध खरा मानावा. न परतल्यास मुलाची त्या पथ्यातून सुटका करावी. सिलिअ‍ॅक विकाराचे निदान पक्के झालेल्यांना मात्र ही पायरी लागू नाही. त्यांचे पथ्य आयुष्यभराचे आहे.

पाचवी पायरी : वर्तनाची नोंद शक्यतो अशा व्यक्तीकडून घ्यावी जिला पथ्य केव्हा सुरू झाले हे ठाऊक नाही. वर्गशिक्षक याकामी उत्तम. हिशेब लिहिणारा आणि तपासणारा एकच असू नये, हा नियम येथेही लागू पडतो.

५. एका स्वयंपाकघरात निरनिराळी पथ्ये

गहू बंद म्हटले की माता हवालदिल होतात. वस्तुतः ज्वारी, बाजरी, नाचणी, तांदूळ, वरई, राजगिरा, साबुदाणा, सर्व डाळी यांत ग्लुटेन नाही. आपल्या आज्या-पणज्यांचे निम्मे स्वयंपाकघर पथ्याचेच होते. पोहे, भात-वरण, भाकरी, घावन, उकडीचे मोदक, अनारसे, शेंगदाण्याचे लाडू हे सर्व चालते. बाजारातील महागड्या पाकिटांवाचूनही हे पथ्य पाळता येते.

फसगत होते ती दडलेल्या गव्हाची. थालीपिठाच्या भाजणीत व मेतकुटात बहुधा गहू असतो. प्रसादाचा शिरा रव्याचा असतो. दुधात घालावयाच्या माल्टयुक्त पावडरी जवाच्या असतात. सोया सॉसमध्ये गहू असतो. ज्वारी शुद्ध असली तरी गिरणीत तिच्या आधी गहू दळलेला असतो. म्हणून घरघंटी असल्यास उत्तम. नसल्यास ज्यांना पथ्य आहे असे दोन-तीन शेजारी मिळून गिरणीवाल्याला जाते साफ करावयास लावून एकत्र दळण दळून घेऊ शकतात. पथ्याची परात, पोळपाट, तवा, चाळणी व पिठाचा डबा वेगळा ठेवावा आणि भाकरी आधी, पोळ्या नंतर असा क्रम ठेवावा. वेष्टित पदार्थांवर गहू, दूध, अंडी, शेंगदाणे, सोया इत्यादींची सूचना देणे आपल्या देशात बंधनकारक आहे. ग्लुटेनमुक्त म्हणविणाऱ्या पदार्थात किलोमागे २० मिलिग्रॅमहून अधिक ग्लुटेन चालत नाही.

दूध बंद असल्यास कॅल्शियमची सोय आधी पाहावी. १०० ग्रॅम नाचणीत सुमारे ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम असते. तीळ, पालेभाज्या आणि, दूध अ‍ॅलर्जीमुळे नव्हे तर केवळ पचत नसल्याने बंद असेल तर, दही व ताक यांची जोड द्यावी. काढून घेतलेल्या प्रत्येक अन्नाच्या जागी दुसरे काय येणार हे ठरल्याखेरीज कोणतेही अन्न काढू नये.

पथ्य जमेल तेथवर साऱ्या घराचे करावे. रात्रीचे जेवण सर्वांचे भाकरीचे असले, तर मुलाला आपले ताट वेगळे वाटत नाही. वाढदिवसाला डब्यातून त्याच्यापुरता तांदळाचा गोड पदार्थ द्यावा व शिक्षकांना आधी कल्पना द्यावी. आणि चुकून काही खाल्ले तर मुलाला रागावू नये. रागावलेले मूल पुढच्या वेळी खाणे थांबवत नाही, सांगणे थांबवते.

६. हिंगाची डबी

आता आमच्या स्वतःच्या चुकीविषयी. उपरोक्त मुलगा काही महिन्यांनी तापाने रुग्णालयात दाखल झाला. त्याच्या कागदांवर पथ्य ठळक लिहिलेले होते. स्वयंपाकगृहाने पोळी वगळून भात व वरण पाठविले. आईने वरणाचा वास घेतला आणि फोडणीच्या हिंगाची डबी दाखविण्याची विनंती केली. डबीवर घटकपदार्थांत मैदा छापलेला होता. बाजारात मिळणारे बांधणीचे हिंग बहुधा गव्हाच्या पिठात किंवा मैद्यात मिसळलेले असते. त्या हिंगाची बिले वर्षानुवर्षे आमच्याच सहीने मंजूर होत होती. आम्ही दर पाहिला, वजन पाहिले, घटक कधी वाचले नाहीत.

आम्ही त्या मातेची क्षमा मागितली. तिने रागाचा शब्द काढला नाही, एवढेच म्हणाली, "साहेब, मलाही पहिल्या वर्षी कळलं नव्हतं." त्यानंतर खरेदीच्या नियमांत घटकपदार्थांची तपासणी समाविष्ट केली, तांदळाच्या पिठातील हिंग आणले, पथ्याची भांडी व मांडणी वेगळी केली आणि स्वयंपाकगृहातील कर्मचाऱ्यांना आहारतज्ज्ञांकडून शिक्षण दिले. या सुधारणेस खर्च अल्प आला. उणीव होती ती लक्ष देण्याची.

७. समारोप

पथ्य सुरू झाल्यावरही पहिले तीन महिने मुलाच्या रक्तातील खुणा अपेक्षेप्रमाणे उतरत नव्हत्या. आहारतज्ज्ञांनी घरातील सर्वांना बोलाविले, तेव्हा आजींनी डोळ्यांत पाणी आणून सांगितले, "सगळी जेवताना त्याच्या तोंडाकडं बघवत नव्हतं. घासभर पोळी मीच देत होते." कोणीही त्यांना दोष दिला नाही. आहारतज्ज्ञांनी विचारले, "आजी, घरात भाकरी कोणाला येते?" भाकरी फक्त त्यांनाच येत होती. सून पोळीच्या काळातली. त्या दिवसापासून पथ्याचे स्वयंपाकघर आजींच्या ताब्यात गेले आणि सुनेने त्यांच्याकडून भाकरी थापणे शिकून घेतले.

वर्षभरात मुलाची उंची व वजन वाढले, रक्त वाढले, त्याची मारामारी व रडणे बरेच थांबले. हे आम्ही सांगतो ते वर्गशिक्षिकांच्या नोंदीवरून. परंतु सत्य पूर्ण सांगावयाचे तर, त्याचे वाचन मागेच राहिले. पुढील तपासणीत त्याला अध्ययन अक्षमता असल्याचे निष्पन्न झाले व त्यासाठी स्वतंत्र मार्गदर्शन सुरू आहे. अन्नाने जे बिघडले होते ते अन्नाने सुधारले. जे अन्नाचे नव्हतेच, ते पथ्याने सुधारणार नव्हते. पथ्याला यश आले म्हणून पुढचा शोध थांबविला नाही, याबद्दल आम्ही आमच्या बालरोगतज्ज्ञांचे विशेष आभार मानतो.

देणगीदार व विश्वस्त यांना नम्र निवेदन असे की, आहारतज्ज्ञांचा तासभर संवाद, एका कुटुंबातील चौघांची रक्ततपासणी, स्वयंपाकगृहातील वेगळी मांडणी या गोष्टींच्या कोनशिला बसविता येत नाहीत, त्यांचे छायाचित्रही काढता येत नाही. आपल्या देणगीचा काही भाग अशा कामी लागतो, याचे आम्हांस समाधान आहे. आणि पालकांना सांगणे असे की, आपले मूल विनाकारण चिडते असे वाटल्यास हात उगारण्यापूर्वी वही उघडावी, आणि ताटातील अन्न काढण्यापूर्वी डॉक्टरांना भेटावे. सोमवार ते शनिवार बालरोग विभागाच्या बाह्यरुग्ण कक्षात चार रकान्यांची छापील वही विनामूल्य मिळते. ती अवश्य मागून घ्यावी.